रा. नगर
(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



तुमच्या निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी एक ओळ आहे : ‘समस्त नगरकरांनी सहकुटुंब उपस्थित राहावे.’ पत्रिका हाती आली तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो हा, की या ओळीत मी बसतो का? माझा जन्म नेवासे तालुक्यातला, कॉलेज या शहरातले आणि गेली अडतीस वर्षे मुक्काम पुण्यात. पुण्याच्या आमच्या सोसायटीत मला ‘नगरचे काका’ म्हणतात. आज सकाळी माळीवाड्याला एसटीतून उतरलो, तर रिक्षावाल्याने विचारले, ‘पाव्हणं, कुठं सोडू?’ तिकडे मी नगरचा आणि नगरात पाहुणा.

ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते शब्दाचे मूळ उकरल्याशिवाय धडा पुढे नेत नसत. म्हणून आज एकच प्रश्न उकरू. एखाद्या गावाचा ‘राहणारा’ कोण? आपल्या अर्जांवर, सातबाऱ्याच्या उताऱ्यांवर, लग्नपत्रिकांवर ‘रा.’ हे एवढेसे अक्षर असते. त्या अक्षरात किती माणसे मावतात, हे पाहायला मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे, हिब्रू भाषेपर्यंत. मी त्या भाषेचा पंडित नाही. निवृत्तीनंतर हौसेने शिकलेला विद्यार्थी आहे. पण आपल्या घरातली वस्तू शेजारच्या घरात पाहिली की तिचा आकार नीट कळतो, तसे मला झाले.

नगरकरांनी हिब्रूकडे का पाहावे? त्याचे उत्तर नगरच्या इतिहासातच आहे. अहमद निजामशहाने १४९० साली आपले राज्य उभे केले. त्या राज्याला समुद्राचे दार होते चौलच्या बंदरात. अलिबाग-चौलच्या त्या किनाऱ्यावर नारळी-पोफळींच्या वाड्यांत तेलाचे घाणे चालवणारा एक समाज राहत असे. शनिवारी त्यांचे घाणे बंद. म्हणून आसपासचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. स्वतःला ते म्हणवून घेत ‘बेने इस्राएल’, म्हणजे इस्राएलाची लेकरे. त्यांची परंपरा सांगते, की नवगावजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या; त्यांचा हा वंश. चौलसाठी निजामशहा पोर्तुगिजांशी लढले, १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने तिथे वेढाही घातला. तेव्हा या किनाऱ्यावरच्या घडामोडी नगरच्या किल्ल्यातल्या दरबारापर्यंत पोहोचत होत्या.

या समाजाची आडनावे ऐका. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, अष्टमकर, राजपूरकर. अशी शंभराहून अधिक. धर्म यहुदी, प्रार्थना हिब्रू आणि आडनाव थेट जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या नकाशातले. मुंबईत १७९६ साली ‘शाआर हा-राहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे त्यांचे पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर आपल्या लोकांत सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात. पहिला भारतीय बोलपट ‘आलमआरा’ १९३१ साली आला, तो ज्यांच्या नाटकावरून ते जोसेफ डेव्हिड पेणकर. ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा तुम्हाला आठवत असेल, ते डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलचे चेऊल आणि चेऊलचा चेऊलकर.

आता ‘कर’ या प्रत्ययाची गंमत बघा. त्याच्या व्युत्पत्तीवर दोन मते आहेत. कोणी तो संस्कृत ‘कृ’पासून, म्हणजे करणारा या अर्थाने आला म्हणतात, तर कोणी प्राकृतातल्या ‘केर’ या संबंध दाखवणाऱ्या प्रत्ययाकडे बोट दाखवतात. मला त्याचा वापर जास्त बोलका वाटतो. किहीम गावात राहणाऱ्याला किहीमकर कोण म्हणते? कोणीच नाही. तिथे सगळेच किहीमचे. तो माणूस गाव सोडून मुंबईला आला, की मग दुसरे त्याला किहीमकर म्हणतात. ‘कर’ हा सोडलेल्या गावाचा प्रत्यय आहे. आणि आणखी एक बारकावा. माणसाला आपण ‘कर’ लावतो, वस्तूला ‘ई’. माणूस कोल्हापूरकर, चप्पल कोल्हापुरी. माणूस पुणेकर, पगडी पुणेरी. पैठणचा माणूस पैठणकर आणि पैठणी मात्र नेसायची.

हिब्रूत माणसालाही ‘ई’च लागतो. यरुशलेमचा तो येरुशालमी, मवाबातला तो मोआवी. बायबलात रूथ नावाच्या सुनेची गोष्ट आहे. नवरा वारल्यावर ती आपला मवाब देश सोडून सासूबरोबर बेथलेहेमला येते, शेतात सरवा वेचते, गावात नांदते, पण गोष्ट तिला पुन्हापुन्हा ‘रूथ मोआविया’ म्हणत राहते. मवाबात तिला असे कोणी म्हटले नसते. आपल्याकडे हीच गोष्ट घडली असती, तर बेथलेहेमच्या बायका तिला ‘मवाबकरीण’ म्हणाल्या असत्या. खुद्द ‘हिब्रू’ हा शब्दही असाच. मूळ रूप ‘इव्री’. अनेक अभ्यासक तो ‘एव्हेर’ म्हणजे पलीकडची बाजू या शब्दाशी जोडतात. इव्री म्हणजे नदीच्या पलीकडून आलेला. मुंबईवाल्यांनी घाटावरून आलेल्या आपल्या माणसांना ‘घाटी’ म्हटले, त्यातलीच ही जात. फरक एवढाच, की घाटी हा शब्द अजून शिवीसारखा टोचतो आणि इव्री या शब्दाची भाषा झाली.

पुष्कळदा गावाचा शब्द चालत चालत धर्माचा होतो. येहुदी म्हणजे मुळात यहुदा प्रांतातला. ख्रिस्ती माणसाला हिब्रूत म्हणतात ‘नोत्सरी’. बहुतेकांच्या मते तो नासरेथ गावावरून आला. म्हणजे ख्रिस्ताचे अनुयायी हिब्रूत ‘नासरेथकर’ ठरले. आणि हिंदू म्हणजे सिंधूकाठचा. तिन्ही शब्दांतली नदी आणि गावे मागे पडली, भांडणे तेवढी पुढे आली.

हे झाले बाहेरून दिलेले नाव. गावात राहणाऱ्याला गाव स्वतः काय म्हणते? इथे हिब्रूकडे शब्दांची एक पूर्ण उतरंड आहे. तिचे एकेक मडके उचलून बघू.

पहिले मडके ‘योशेव’. धातू ‘याशव’, अर्थ बसणे. जो बसतो तो राहतो. यरुशलेमचे रहिवासी म्हणजे यरुशलेमात बसणारे. याच धातूपासून ‘तोशाव’ म्हणजे रहिवासी, ‘मोशाव’ म्हणजे वसाहत आणि ‘येशिवा’ म्हणजे धर्माच्या अभ्यासाला बसायची पाठशाळा. मराठी माणसाला हे चटकन कळते. आपणही बस्तान बसवतो, घडी बसवतो, गावात जम बसवतो. नवीन माणूस गावात ‘बसला’ म्हणजे राहिला, आणि गावच्या बैठकीत त्याला बसायला सांगितले म्हणजे तो खरा राहिला.

दुसरे मडके ‘शाखेन’. अर्थ शेजारी. धातू ‘शाखन’, मुक्काम करणे. इस्राएली लोकांचा वाळवंटातला पवित्र तंबू ‘मिश्कान’, तोही याच धातूचा. आता एक गोष्ट सांगतो. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या वेळचे एक खरेदीखत आहे. कडा किड्यांनी खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. त्यात घेणाऱ्याच्या नावापुढे लिहिले आहे ‘साकीन मौजे’ आणि पुढे गावाचे नाव. लहानपणी मला वाटे साकीन ही एखादी जात असेल. हिब्रूच्या पहिल्या वर्षात ‘शाखन’ हा धातू आला आणि खरेदीखत डोळ्यांपुढे उभे राहिले. साकीन अरबी, शाखेन हिब्रू. दोघे सख्खे भाऊ. ‘स’ आणि ‘श’ची अदलाबदल तेवढी. यरुशलेमातल्या शेजाऱ्याच्या शब्दाचा भाऊ फारसी दप्तरांतून, निजामशाही आणि पेशवाईच्या कारकुनांच्या बोरूतून नेवाशाच्या खरेदीखतात येऊन बसला होता. आज त्याची जागा ‘रा.’ने घेतली आहे.

तिसरे मडके ‘बाअल’. शखेम नावाच्या शहराच्या नागरिकांना बायबलात ‘बाअले शखेम’ म्हटले आहे. बाअल म्हणजे धनी. बाअल हबायित म्हणजे घरधनी. आणि हिब्रू बायको नवऱ्याला आजही ‘बाअली’ म्हणते, म्हणजे माझा धनी. आपल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या ‘आमचे धनी शेतावर गेले’ म्हणतात, तोच हा शब्द, तीच त्याची ऐट आणि तोच त्यातला काच. गावाचा माणूस म्हणजे गावात मालकी असलेला, हे या शब्दाचे म्हणणे. साहजिकच ज्याची मालकी नाही त्याचे काय, हा प्रश्न पुढे आलाच.

त्याचे उत्तर पुढच्या दोन मडक्यांत. ‘एझराख’ आणि ‘गेर’. एझराख म्हणजे त्याच मातीत उगवलेला. एका स्तोत्रात तो शब्द आपल्याच जमिनीत फोफावलेल्या झाडासाठी आला आहे. गेर म्हणजे बाहेरून येऊन राहिलेला. आपल्या दख्खनच्या जुन्या गावगाड्यात हीच जोडी होती : मिरासदार, ज्याला काही ठिकाणी थळकरी म्हणत, आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. दुष्काळात गाव सोडून गेला, तरी परत आल्यावर तो आपली मिरास मागू शके. उपरी कराराने जमीन कसणार, करार संपला की त्याचा पाय मोकळा आणि हातही मोकळे. मराठी बायबल करणाऱ्यांना गेर-तोशाव यांच्यासाठी शब्द शोधताना ‘उपरी’ आयता सापडला. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम याच शहरात चालले. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्तिसदनात सगळे बायबल मराठीत आणले. उपरी कोणाला म्हणतात हे त्या बाईंना कोशातून शिकावे लागले नसेल. त्याच बायबलात बायकोच्या थडग्याला जागा विकत मागणारा अब्राहाम हेब्रोनच्या लोकांपुढे उभा राहून आपण गेर आणि तोशाव असल्याचे सांगतो. सगळ्या यहुद्यांचा मूळपुरुष स्वतःची ओळख उपरी म्हणून करून देतो, ही गोष्ट त्या भाषेने लपवलेली नाही.

एझराखची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. विसाव्या शतकात हिब्रू पुन्हा बोलीभाषा झाली. देशाच्या नागरिकाला शब्द हवा होता, तेव्हा मातीत उगवलेला हा एझराखच फळीवरून काढून झटकला गेला. आपण ‘नागरिक’ शब्दाचे तेच केले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरिक हा शहराचा कारभार पाहणारा अधिकारी आहे. वात्स्यायनाचा नागरक हा अत्तर लावून गोष्ठीत रमणारा शहरी रसिक आहे. त्या अधिकाऱ्यात आणि त्या रसिकात ऊस तोडणारी बाई कुठेही नव्हती. आज कायद्याने ती आहे. शब्द मोठे झाले, ही आपल्या काळाची कमाई. पण शब्द मोठा झाला म्हणून दार तेवढे मोठे होतेच असे नाही.

नागर आणि गावठी हा भेदही दोन्हीकडे सारखा. यहुद्यांच्या तालमुद या धर्मग्रंथात एक चुरचुरीत टिप्पणी आहे. संदेष्टा यशया आणि संदेष्टा यहेज्केल, दोघांनी देवाचे दर्शन घेतले. पहिल्याने ते थोडक्यात सांगितले, दुसऱ्याने चाके, पंख, चेहरे सगळे पानेच्या पाने लिहिले. असे का? तर यशया ‘बेन क्राख’, शहराचा लेक. त्याने राजा रोज पाहिलेला. यहेज्केल ‘बेन कफार’, खेड्याचा लेक; त्याने राजा पहिल्यांदाच पाहिला. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी कापडबाजारातून होस्टेलवर गेलो आणि घरी आठ पानी पत्र लिहिले. यहेज्केलाचे काय झाले असेल ते मला कळते.

आता सगळ्यात खालचे मडके. मला वाटते, दाणे त्यात आहेत.

इसवी सन २००च्या सुमारास यहुदी पंडितांनी तोंडी परंपरेतले कायदे एकत्र केले. त्याला मिश्ना म्हणतात. त्यात प्रश्न विचारला आहे, की माणूस गावात किती काळ राहिला म्हणजे ‘अन्शे हाईर’, म्हणजे गावचे लोक, यांच्यात धरायचा? उत्तर आहे बारा महिने. आणि घर विकत घेतले तर लगेच. त्या काळच्या कायद्यातही फ्लॅटवाल्याला सवलत होती! पण हा प्रश्न कुठल्या प्रकरणात येतो ते पाहा. गावचे लोक एकमेकांना गावकूस, वेशीचा दरवाजा आणि अडसर बांधायला भाग पाडू शकतात, त्याच ठिकाणी. गावचा कोण, हा प्रश्न वर्गणीच्या वेळी विचारला गेला आहे, मानपानाच्या वेळी नाही.

पुढे बॅबिलोनच्या तालमुदाने याची बारीक वाटणी केली. तीस दिवस राहिलास, तर गावच्या अन्नछत्राला दे. तीन महिने झाले, तर दानपेटीत टाक. सहा महिन्यांनी गरिबांच्या कपड्यांचा वाटा उचल, नऊ महिन्यांनी बेवारशांच्या अंत्यविधीचा. आणि बारा महिन्यांनी तटबंदीचा. आधी भुकेल्याचे पोट, शेवटी वेशीचा दगड. दिल्ली दरवाजाच्या आणि माळीवाड्याच्या वेशीच्या गावात हे सांगताना मला बरे वाटते, कारण तट म्हणजे काय ते तुम्हाला समजावून सांगावे लागत नाही.

ही झाली गावाने उपऱ्याकडून घ्यायची यादी. द्यायची यादी वेगळी आहे आणि ती फार छोटी आहे. गावोगाव फिरणारा गरीब आला, तर त्याला निदान एक भाकर द्यायची. रात्री राहिला, तर अंथरुणापांघरुणाची सोय. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, थांबला, तर तीन वेळचे जेवण. त्यासाठी तीस दिवसांची अट नाही, बारा महिन्यांची नाही. गावाने मागायला सावकाश सुरुवात करायची आणि द्यायला पहिल्या रात्रीपासून. हिब्रूच्या साऱ्या उतरंडीत मला हेच लाख मोलाचे वाटले. जन्माने कोण कुठला, हे शब्द सांगतात. गावचा कोण, हे हा हिशेब सांगतो.

हा हिशेब जिथे बिघडतो तिथे काय होते, त्याचा एक दाखला नगरच्याच दरबारातला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकललेले यहुदी. पोर्तुगालात सगळ्यांना सक्तीने ख्रिस्ती केले होते, तरी त्यांचे नाव ‘नवे ख्रिस्ती’ असेच राहिले. या ओर्ताला नगरच्या बुऱ्हान निजामशहाने उपचारांसाठी बोलावले, त्याचा स्नेह जोडला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या वनस्पतींवरच्या ग्रंथात ओर्ताने या निजामशहाची आठवण आदराने काढली आहे. ओर्ता १५६८ मध्ये वारला. बारा वर्षांनी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. बारा महिन्यांनी माणूस गावचा होतो म्हणणारे एक शास्त्र. आणि पिढी उलटली तरी ‘नवा’ तो ‘नवा’च ठेवणारी ही एक व्यवस्था.

यातून यहुदी लोक सुटले असेही नाही. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्राएलला गेले. डिमोना, बेर्शेबा, अश्दोद अशा गावांत बसले. देवाच्या नावाने ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळला, त्यांच्याच विवाहांवर तिथल्या धर्मपीठाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शंका घेतल्या. आंदोलने झाली, धरणे धरले गेले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने ठाम भूमिका घेतली. कोकणात ते शनिवार तेली होते आणि तिकडे ‘होदीम’, म्हणजे हिंदवाले. तरीही घराच्या दारावरची पाटी हिब्रू अक्षरांत पेणकर आणि रोहेकर अशीच राहिली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक ते तिथून काढत आले. सोडलेल्या गावाचा प्रत्यय म्हणालो, तो हा.

आता परत आपल्या वेशीत येऊ. या शहराचे नाव २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. चौंडीची लेक अहिल्याबाई लग्न करून माळव्यात गेली आणि महेश्वरहून कारभार करताना तिने काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. म्हणजे परगावच्या वाटसरूच्या पहिल्या रात्रीची सोय केली. नाव बदलले, पण तुमची पत्रिका ‘समस्त नगरकर’ म्हणतेच आहे आणि पुढेही म्हणेल. दोन्ही नावांचा शेवट एक असल्याने राहणाऱ्याचे नाव शाबूत राहिले.

पण कोण राहणारा? दिवाळी झाली की पाथर्डी-शेवगावकडून, बीडकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. आशियातल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्यांत गणला जाणारा प्रवरानगरचा कारखाना १९५० साली आपल्याच जिल्ह्यात उभा राहिला. या जिल्ह्यातले गोडधोड त्या कोयत्यावर चालते. कारखान्याच्या तळावर उसाच्या पाचटाच्या कोप्या पडतात, पहाटे तीनला चुली पेटतात, आणि मार्च-एप्रिलात तळ उठतो. पाच-सहा महिने इथे, पाच-सहा महिने तिथे. मिश्नाचे बारा महिने या माणसाचे कुठेच भरत नाहीत. तो योशेव नाही, कारण तो बसत नाही. बाअल नाही, कारण कोपीला धनी नसतो. स्वतःच्या गावात तो रा. आहे, पण गाव पोटाला पुरत नाही; आणि जिथे पोट भरते तिथल्या कुठल्याच कागदावर त्याचा रा. नाही. चाळीस वर्षे याच तळावर येणाऱ्या एका म्हातारीला मी विचारले, ‘आजी, तुम्ही कुठल्या?’ ती म्हणाली, ‘आत्ता तर हितल्याच की.’

त्या ‘आत्ता’ला हिब्रूच्या सगळ्या उतरंडीत मला शब्द सापडला नाही. भाकर आणि पांघरुणाचा तो कायदा मात्र सापडला.

मघाशी विचारले होते, की तुमच्या ओळीत मी बसतो का? घर इथे घेतलेले नाही, गेल्या अडतीस वर्षांत इथे बारा महिने राहिलेलो नाही. पण दुपारी सरांच्या घरी जेवलो, रात्री तिथेच अंथरूण आहे. म्हणजे माझा हिशेब तुम्ही चुकता केलात. पुढच्या वर्षी पत्रिका छापाल, तेव्हा ‘समस्त नगरकर’ हे शब्द तसेच राहू द्या. फक्त काही पत्रिका घेऊन कोणीतरी जवळच्या कारखान्याच्या तळावर जा. हंगाम चालू असेल. सगळे तिथेच असतील.